शाळेचे दप्तर कोणाच्या कपाटात?

मराठी शाळेत 'दप्तर' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक दप्तर मुलाच्या पाठीवरचे आणि दुसरे मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटातले. जनरल रजिस्टर, हजेरीपट, शाळा सोडल्याच्या दाखल्यांच्या स्थळप्रती, पोषण आहाराची नोंदवही, सभांची इतिवृत्ते, शिक्षकांची टाचणे, जुन्या प्रश्नपत्रिका असे हे दुसरे दप्तर असते. राजकीय पक्षांचे लक्ष त्याकडे सहसा जात नाही. तरीही गावातील माणसाच्या जन्माचा व जातीचा पुरावा अनेकदा याच कपाटातून निघतो. शेतमजुराच्या नातवाला जातीचा दाखला काढावयाचा असला, तर आजोबांच्या नावापुढची शाईची नोंद मिळविण्यासाठी त्याला शाळेच्याच पायऱ्या चढाव्या लागतात. हे कपाट आता केवळ लोखंडाचे राहिलेले नाही. त्यातील कागद हळूहळू संगणकात आणि तेथून कोठल्या तरी कंपनीच्या दूरच्या कोठारात जात आहेत. ते कोणत्या कोठारात जावेत हा निर्णय कोणी, कोठे व कशाच्या आधारावर घेतला, याची गावाला गंधवार्ताही नसते.

संगणकाच्या परिभाषेत या व्यवस्थेस 'कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम' म्हणतात. तिचे काम तसे साधे आहे. मजकूर, चित्रे, कागदपत्रे एका जागी साठवावीत, त्यांची वर्गवारी लावावी, कोणाला काय पाहता येईल व कोणाला काय बदलता येईल हे ठरवावे, आणि एका शिक्षकाने केलेले काम दुसऱ्याच्या हाती सहज पडावे, एवढेच तिच्याकडून अपेक्षित असते. शाळेसाठी अशी प्रणाली निवडणे ही तांत्रिक बाब आहे, ती जाणकारांवर सोडावी, असे समजले जाते. पाटबंधारे आणि वीज याही एके काळी तांत्रिक बाबीच समजल्या जात होत्या. धरणाचे पाणी कोणाच्या शेताला मिळाले हे पाहिल्यावर तो समज किती भाबडा होता हे कळून आले.

महाराष्ट्रातील बहुसंख्य शाळांत आज कोणती प्रणाली चालते, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'व्हॉट्सअ‍ॅप' हे आहे. परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर येते, त्याचे उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, पोषण आहाराच्या ताटाचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपवर मागितले जाते, आणि रात्री दहा वाजता केंद्रप्रमुखांचा 'तातडीने माहिती द्या' हा निरोपही तेथेच येऊन पडतो. शासनाची म्हणून 'सरल' आहे, 'शालार्थ' आहे, 'यू-डायस प्लस' आहे. या सर्व व्यवस्था माहिती वर ओढून घेण्यासाठी निर्माण झाल्या. त्यातून शिक्षकाच्या हाती परत काय येते, हे त्याला विचारून पाहावे. एकच माहिती तीन ठिकाणी भरून कंटाळलेल्या शिक्षकांच्या संघटनांनी ऑनलाइन व अशैक्षणिक कामांवर वेळोवेळी बहिष्कार टाकला, तो आळसापोटी नव्हे. आणि सारे ऑनलाइन झाले म्हणजे कारभार स्वच्छ होतो हा भ्रमही २०२५ साली नागपुरात बोगस शालार्थ ओळखक्रमांकांचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा पुरता फिटला. अशा स्थितीत एखादी कंपनी दारात येते आणि म्हणते, सारे काही फुकट देतो, शिक्षकांना शिकवितो, दुरुस्तीची चिंता नको. मुख्याध्यापकाला हायसे वाटते. ते स्वाभाविक आहे. ज्या शाळेत तीसपर्यंत मुले आहेत तिला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाचे संयुक्त अनुदान दहा हजार रुपये मिळते. त्यात खडू, फळा, वीज, डागडुजी सारे भागवावयाचे. अशा शाळेपुढे कोणी 'फुकट' हा शब्द उच्चारला, तर त्याला नकार देण्याचे बळ तिच्यात कोठून यावे?

परंतु फुकट आणि मुक्त यांत अंतर आहे, आणि मराठीला ते अंतर इंग्रजीपेक्षा अधिक स्वच्छ सांगता येते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हापासून त्यांना इंग्रजीतील एकाच शब्दाचे हे दोन अर्थ श्रोत्यांना उलगडून सांगत बसावे लागले. जी वस्तू फुकट मिळते तिचा मालक दुसराच असतो, आणि त्याची मर्जी आहे तोवरच ती फुकट असते. जी प्रणाली मुक्त आहे ती वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा व दुसऱ्याला देण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे असतो. तिच्यासाठी प्रसंगी पैसाही मोजावा लागेल.

मालकाची मर्जी फिरते तेव्हा काय होते, याची उदाहरणे ताजी आहेत. गूगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण विनामूल्य देऊ केली होती. शाळा-महाविद्यालयांनी वर्षानुवर्षांचे साहित्य तेथे नेऊन ठेवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे महामारीमुळे अवघे शिक्षण संगणकावर लोटले गेले असताना, कंपनीने ही अमर्यादता संपविल्याचे जाहीर केले. जुलै २०२२ पासून प्रत्येक संस्थेला शंभर टेराबाइट ही मर्यादा आली. लहान शाळेला ती जाचणार नाही हे खरे; पण मर्यादा कोठे घालावयाची हे शाळेला कोणी विचारले नाही, ही बाब लहान नाही. एडमोडोची कथा याहून बोलकी आहे. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेली ही शालेय प्रणाली जगभर पसरली. २०१८ साली ती एका चिनी कंपनीने विकत घेतली. २०२० च्या टाळेबंदीत इजिप्तच्या शिक्षण मंत्रालयाने साऱ्या देशाच्या शाळांसाठी तिचाच आश्रय घेतला. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये मालकांनी ती बंद केली. शिक्षकांना आपापले साहित्य उतरवून घेण्यास थोड्या आठवड्यांची मुदत मिळाली. गिरणीमालकाने टाळे लावले तर निदान फाटकापाशी धरणे धरता येते. येथे फाटकच नव्हते.

चोरीचा प्रश्न निराळा. अमेरिकेतील शाळांची माहिती सांभाळणाऱ्या पॉवरस्कूल या कंपनीत डिसेंबर २०२४ मध्ये घुसखोरी झाली आणि कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या नोंदी चोरीस गेल्या. एकाच कोठारात साऱ्यांचे धान्य ठेवले म्हणजे दरोडेखोराचे श्रम वाचतात, एवढे त्याविषयी पुरे.

डेन्मार्कमधील हेलसिंगर या लहान नगरपालिकेचा प्रसंग मात्र कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. आगरकरांनी ज्या नाटकाचे 'विकारविलसित' केले त्या हॅम्लेटचे हे गाव. तेथील शाळांत मुलांना गूगलचे संगणक व गूगलची प्रणाली देण्यात आली होती. एका पालकाने हरकत घेतली. आपल्या मुलाचे नाव शाळेच्या खात्यामुळे परस्पर जगापुढे गेले, ही त्याची तक्रार होती. प्रकरण माहिती-संरक्षण प्राधिकरणाकडे गेले आणि जुलै २०२२ मध्ये प्राधिकरणाने त्या नगरपालिकेच्या शाळांत ही प्रणाली वापरण्यास मनाई केली. पुढे तडजोडी झाल्या, मनाई स्थगित झाली, वाद अनेक नगरपालिकांपर्यंत पसरला. पण एका गावच्या एका पालकाने विचारलेला प्रश्न जगातील अत्यंत बलाढ्य कंपनीला उत्तरे देण्यास भाग पाडू शकला. कायदा त्याच्या पाठीशी होता म्हणून तो हे करू शकला. भारतात असा कायदा २०२३ साली झाला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळताना पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांचा माग काढू नये, त्यांच्यावर लक्ष्य साधून जाहिराती करू नयेत, असे तो म्हणतो. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांत शिक्षणसंस्थांना काही बाबतींत मोकळीकही देण्यात आली. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. तोवर पालकाची संमती म्हणजे प्रवेशअर्जाच्या तळाशी केलेली आणखी एक सही, एवढाच तिचा अर्थ राहू नये, हे पाहण्याचे काम कोणा ना कोणाला करावे लागेल.

पर्याय नाही असे जे सांगतात त्यांनी केरळकडे पाहावे. तेथील डाव्या पक्षांशी समाजवाद्यांचे मतभेद जुने आहेत आणि ते लपविण्याचे कारण नाही. पण या एका क्षेत्रात त्या राज्याने जे केले ते महाराष्ट्राला करता आले नाही, हेही मान्य करावयास हवे. २००१ साली तेथे 'आयटी@स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. प्रारंभीची पाठ्यपुस्तके मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर बेतलेली होती. म्हणजे सरकारी खर्चाने एका कंपनीचे भावी गिऱ्हाईक घडविण्याचा तो उद्योग होता. शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांनी त्यास विरोध केला. संगणक नको असे ते म्हणत नव्हते. एका मक्तेदाराचा संगणक नको असे त्यांचे म्हणणे होते. त्या दशकाच्या उत्तरार्धात केरळच्या सरकारी शाळा ग्नू/लिनक्सवर आल्या, आणि आलटून पालटून सत्तेवर येणाऱ्या दोन्ही आघाड्यांनी हे धोरण मोडले नाही. २०१७ साली प्रकल्पाचे रूपांतर 'काइट' या सरकारी कंपनीत झाले. परवान्यांचे सुमारे तीन हजार कोटी रुपये यामुळे वाचले असा काइटचा दावा आहे. दाव्याच्या आकड्यात थोडी अतिशयोक्ती धरली तरी उरते ती रक्कम थोडी नव्हे.

पैशाहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी केरळने 'संपूर्णा' ही व्यवस्था उभारली, ती 'फेदेना' या खुल्या शालेय प्रणालीच्या पायावर. आणि २००९ साली 'स्कूल विकी' सुरू झाला. विकिपीडिया ज्या मुक्त प्रणालीवर चालतो त्या मीडियाविकीवरच तो चालतो. सुमारे पंधरा हजार शाळांना त्यात आपापले पान आहे. शाळेचा इतिहास, गावाचा इतिहास, स्थानिक बोलीतील शब्द, मुलांच्या कविता व चित्रे हे सारे शिक्षक आणि विद्यार्थी स्वतः लिहितात, मल्याळममध्ये लिहितात, आणि कोणी काय बदलले याची नोंद पानामागे राहते. शाळाशाळांत 'लिटल काइट्स' या नावाची विद्यार्थी मंडळे आहेत, ती या कामी हात लावतात. कंपन्यांच्या व्यवस्थेत शिक्षक हा 'वापरकर्ता' असतो. येथे तो लेखक आहे. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी स्वहस्ते लिहून 'छात्रालय दैनिक' काढीत. त्यांच्यापाशी शाई होती, कागद होता आणि मुलांविषयी अपार माया होती. स्कूल विकी हा त्या दैनिकाच्या कुळातला आहे.

तथापि केरळची आरती ओवाळून थांबणे योग्य होणार नाही. महामारीत ऑनलाइन वर्गांची निकड आली तेव्हा २०२१ साली याच काइटने गूगलच्या शिक्षण-संचाचा आधार घेतला. मुक्त सॉफ्टवेअरवाद्यांनी त्यास आक्षेप घेतला. सूत्रे काइटच्याच हाती राहतील असे उत्तर त्यांना मिळाले. वीस वर्षे पोसलेली स्वावलंबनाची परंपरा संकटाच्या काही महिन्यांत वाकली, कारण प्रत्यक्ष वर्ग भरविण्यास लागणारी संगणक-कोठारे सार्वजनिक मालकीची उभारलेली नव्हती. आणि केंद्र सरकारच्या 'दीक्षा'ने दुसराच धडा दिला. २०१७ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेची मूळ प्रणाली 'सनबर्ड' ही खुली आहे. तरीही जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आले की दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती मायक्रोसॉफ्टच्या कोठारातील एका असुरक्षित कप्प्यात वर्षाहून अधिक काळ कोणालाही वाचता येईल अशी पडून होती. तेव्हा प्रणाली मुक्त असली म्हणजे सारे साधले असे नव्हे. ती कोठे ठेवली आहे, तिची राखण कोण करतो आणि त्या राखणदाराला जाब कोण विचारू शकतो, हे प्रश्न उरतातच. सरकारी मालकी म्हणजे लोकांची मालकी नव्हे, हे समाजवादी चळवळीला नव्याने शिकण्याची गरज नसावी.

डॉ. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर उभ्या राज्याची कल्पना मांडली होती. छोट्या यंत्रांचा त्यांचा आग्रहही त्याच विचारातून आला. शाळेच्या दप्तराला ही चौखंबा दृष्टी लावून पाहिली तर निवडीची दिशा बरीच उजळते. मुलाचे गुण, त्याच्या आजारपणाची टीप, त्याच्या घरच्या अडचणींविषयी शिक्षकाने लिहिलेल्या दोन ओळी हे सारे शाळेचे. ते शाळेतच राहावे. टाचणे, प्रश्नपत्रिका, स्वाध्याय, बोलीभाषेतील गोष्टी हे तालुक्या-जिल्ह्यातील शिक्षकांचे सामाईक धन. ते जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या संगणकावर असावे आणि कोणाही शिक्षकाला तेथून उचलता, सुधारता व परत ठेवता यावे. राज्याला हवे आहेत ते एकूण आकडे. ते त्याला जरूर मिळावेत. एकेका मुलाचे नाव, जात, आधार क्रमांक मुंबईला आणि दिल्लीला कशासाठी लागतात, हे ज्याने मागितले त्याने सिद्ध करावे. आजची रचना नेमकी उलटी आहे. सारे काही वर जाते, आणि शिक्षकाला शेजारच्या गावातील शिक्षकाचे चांगले टाचण मिळत नाही.

अशा रचनेसाठी साधने नवी शोधावयाची नाहीत. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे मार्टिन डुजियामास यांनी घडविलेली आणि २००२ पासून उपलब्ध असलेली 'मूडल' ही मुक्त शैक्षणिक प्रणाली जगभरच्या विद्यापीठांत व शाळांत चालते. कागदपत्रांच्या सामाईक साठवणीसाठी जर्मनीत २०१६ साली आकारास आलेली 'नेक्स्टक्लाउड' आहे. तेथील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने आपल्या सरकारी कचेऱ्यांसाठी तिची निवड केली. मीडियाविकी तर आहेच. यांपैकी कोणतीही जिल्हा परिषदेला आपल्या संगणकावर बसविता येते. प्रत्येक शाळेने स्वतंत्र बसवावी असा हट्ट मात्र धरू नये. एखादा हौशी शिक्षक रात्री जागून सर्व उभे करतो, दोन वर्षांनी त्याची बदली होते, आणि त्याच्यामागे परवलीचे शब्दही जातात. लहान यंत्र म्हणजे एकट्याचे यंत्र नव्हे. जिल्ह्याच्या ठिकाणी ते चालविण्यास तीन-चार माणसे लागतील, आणि ती कंत्राटी नकोत, कायम नोकरीची हवीत. खर्च तेथे आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. परवान्यांवर व कंत्राटदारांवर जाणारा पैसा त्यांच्या वेतनावर खर्च झाला तर तो जिल्ह्यातच राहील.

भाषेचा मुद्दा या चर्चेत हटकून विसरला जातो. महाराष्ट्रातील शाळांच्या गेल्या तीस वर्षांच्या कितीतरी प्रश्नपत्रिका व अहवाल जुन्या, परस्परांशी न जुळणाऱ्या टंकांत अडकून पडले आहेत. एका संगणकावर 'स्वाध्याय' दिसतो, तोच मजकूर दुसऱ्यावर उघडला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, कारण तो टंक तेथे नाही. मराठीने हे एकदा भोगले आहे. म्हणून जी प्रणाली युनिकोडमधील मराठी साठवीत नाही, मराठीत शोध घेऊ देत नाही, नावे अ-आ-इ-ई या क्रमाने लावू शकत नाही, ती कितीही आकर्षक असली तरी मराठी शाळेच्या कामाची नाही. परिपत्रकाचे छायाचित्र काढून पाठविण्याची रीतही थांबावयास हवी. छायाचित्रातील शब्द शोधता येत नाही आणि अंध शिक्षकाच्या वाचनयंत्राला तो बहुधा ऐकूही येत नाही. वीज दोन तास आणि जाळे अर्धा तास अशा पाड्यावरील शाळेत जी प्रणाली जाळ्याविना मिटून बसते, तिची शिफारस पुण्यातील वातानुकूलित खोलीत कितीही जोरात होवो.

या सगळ्या कसोट्यांत पहिला मान ज्या कसोटीला द्यावयाचा ती म्हणजे बाहेर पडण्याची. शाळेने उद्या ठरविले की ही व्यवस्था नको, तर तिचे सर्व कागद, सर्व नोंदी, दुसऱ्या प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात, विनामूल्य व पूर्णपणे तिच्या हाती येतील काय? करार करण्यापूर्वी हे लेखी मागावे, आणि त्यावर विसंबून न राहता वर्षातून एकदा प्रत्यक्ष उतरवून पाहावे. ज्याला विकावयाचे आहे तो येण्याची वाट रुंद ठेवतो. जाण्याच्या वाटेविषयी त्याला विचारले की त्याचा खरा चेहरा दिसतो.

हे कोणी करावयाचे? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणे हे तिचे काम आहे. व्यवहारात या समित्या तयार ठरावावर सह्या करण्यापुरत्या उरल्या आहेत. त्यांत पक्षाचे कार्यकर्ते आहेत, सहानुभूतीदार आहेत, सेवादलात वाढलेले शिक्षक आहेत. त्यांनी संगणकाचे तज्ज्ञ होण्याची आवश्यकता नाही. जिल्हा परिषदेत पक्षाचे जे थोडे सदस्य आहेत त्यांनी शिक्षण समितीत मुलांच्या माहितीविषयीचे करार सभागृहापुढे ठेवण्याची मागणी करावी. शिक्षक संघटनांतील साथींनी बहिष्काराच्या जोडीला पर्यायाचा मसुदाही द्यावा. आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्याला व्यवस्थापन समितीच्या येत्या सभेत एक साधी चौकशी करता येईल. शाळेचे जे ई-मेल खाते आहे, ते कोणाच्या नावाने उघडलेले आहे, आणि त्याचा परवलीचा शब्द बदलावयाचा झाल्यास सांकेतिक क्रमांक कोणाच्या भ्रमणध्वनीवर जातो? अनेक गावांत तो निवृत्त होऊन मुलाकडे शहरात राहावयास गेलेल्या मुख्याध्यापकांच्या भ्रमणध्वनीवर जात असल्याचे आढळेल. तो बदलून घेण्याचा ठराव त्याच सभेत करावा.